सरसाचा दोष

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून बैठक दुकानातच बसवली. घरी बसवली असती तर कुणी चहाच्या निमित्ताने उठलं असतं, कुणाला नेमका तेव्हाच फोन आला असता, आणि बोलायचं ते राहून गेलं असतं. या घराण्याची खोडच ती. जीभ सगळ्यांची तिखट, पण मुद्द्याची गोष्ट निघाली की जो तो मूग गिळून बसणार. दुकानात पळायला जागा नव्हती. एका भिंतीला कागद कापायची मोठी कातर, दुसरीला लोखंडी दाब, मध्ये लांब मेज, आणि कोपऱ्यात शेगडीवर पुस्तकं चिकटवायच्या सरसाचं पितळी तपेलं. सत्तर वर्षं हे घर इथे बसून लोकांची पुस्तकं बांधत आलं होतं.

आत्या सगळ्यांच्या आधी पोचली. ती दारात दिसताच भावाने खुर्चीतून डावा हात वर केला आणि म्हणाला, "पाहुणी!"

अर्धांगवायूच्या दुसऱ्या झटक्यानंतर त्याच्याकडे मोजून चार शब्द उरले होते. "हो", "नको", एक ठसठशीत शिवी आणि "पाहुणी". एवढी भाषा वाहून गेली त्यात हाच शब्द कसा काय तरला, देव जाणे. आत्या नऊ वर्षांची असताना वडलांनी, म्हणजे तात्यांनी, तिला मावशीकडे ठेवलं होतं. सुट्टीत ती आली की सात वर्षांचा हा भाऊ दारात उभा राहून गल्लीभर ओरडायचा, "पाहुणी आली, पाहुणी आली!" तो थट्टा करायचा आणि ती हसायची. बावन्न वर्षं ती हसतच होती. लागायचं ते लागायचंच, पण सांगणार कुणाला?

"आली हो पाहुणी," ती त्याच्या शेजारी स्टूल ओढत म्हणाली. "दाढी कुणी केली रे तुझी? अर्धी राहिलीय."

भावाने शिवी दिली. म्हणजे तब्येत बरी होती.

आत्याने पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. पिशवीत चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि एक जुनी वही होती. वहीला रबरबँड लावलेलं, कारण पुठ्ठा सुटला होता. ही वही आज दाखवायची असं तिने वाटेत तीनदा ठरवलं होतं आणि नाही दाखवायची असं चारदा.

मग भावजय आली, हात पदराला पुसत. पाठोपाठ भाची, जिला घरात सुई म्हणत, एक तर काटकुळी म्हणून आणि दुसरं म्हणजे टोचून बोलायची म्हणून. शेवटी भाचा. त्याचं नाव घाई. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि बसल्या जागी पाय हलवत राहायचा. त्याने आल्या आल्या घड्याळ बघितलं.

"मी सरळच बोलतो," घाई म्हणाला. "दुकान द्यायचं. शेजारचा घ्यायला तयार आहे, उद्या सकाळी त्याला हो की नाही सांगायचंय. बाबांची ही अवस्था कशाने झाली ते सगळ्यांना माहीत आहे. तात्या असेच गेले, त्यांचा भाऊ असाच गेला, तपेल्यासमोर कोसळून. आता सुई म्हणते मी चालवते. मी तिला त्या तपेल्यापुढे बसू देणार नाही. संपलं."

"तू कोण रे बसू न देणारा?" सुई म्हणाली. "आणि तुला सांगितलं ना, शुक्रवारी रिपोर्ट आला म्हणून. आधी ऐकून तरी घे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. या घरात डोकं कुणाचं दुखत नसे. इथे सरस चढे. आधी डोळ्याच्या कोपऱ्यात करवतीच्या दातांसारखी एक चमकती रेघ थरथरायला लागायची, मग ती पसरायची, समोरच्या माणसाचं अर्धं तोंड दिसेनासं व्हायचं, आणि अर्ध्या तासाने अर्धं डोकं असं ठणकायचं की माणूस अंधार करून पडून राहायचा. तात्यांना व्हायचं, त्यांच्या भावाला व्हायचं, पुढे या भावाला व्हायला लागलं. तिघंही दिवसभर तपेल्याशी बसणारे. चामडं आणि हाडं उकळून केलेला तो सरस, त्याचा वास नाकात गेला की आतडी वर येतात. तेव्हा दोष कुणाचा? सरसाचा. "आज मला सरस चढलाय" म्हटलं की घरात रेडिओ बंद व्हायचा.

आणि यातच या मंडळींनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सहा वर्षांपूर्वी भावाला पहिला झटका आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला डोकेदुखी? अर्धशिशी?" भाऊ, भावजय आणि घाई, तिघांनी एका सुरात सांगितलं, "छे! आमच्याकडे डोकं कुणाचं दुखत नाही." खोटं कुणीच बोललं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर "नाही" लिहिलं, आणि ते "नाही" पुढची पाच वर्षं एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जात राहिलं. गेल्या वर्षी दुसऱ्या झटक्यानंतर एका नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आदल्या दिवशी काही वेगळं वाटलं होतं का. भावाने डाव्या हाताची बोटं डोळ्यापाशी नेऊन नाचवली. भावजय सहज म्हणाली, "सरस चढला होता म्हणतायत." डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "म्हणजे काय होतं?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"रक्त तपासलं, ते यासाठीच," सुईने मेजावर एक मोठा कागद पसरला. "आता बघा. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्याला त्रास, तो काळा भरायचा. हे तात्या, हे त्यांचे भाऊ, हे बाबा. तिघं काळे."

"तिघं दुकानातले," घाई म्हणाला.

"थांब रे! बाबांच्या रक्तात एक जनुक बदललेला सापडलाय. त्याने मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू जाड होत जातात. आधी डोकेदुखी, मग कधीतरी झटका. दुसऱ्या घरांमध्ये म्हणे असे कितीतरी बारीक बारीक बदल असतात, एकेकाने धोका चिमूटभर वाढतो, आणि बाकी सगळं रक्तदाब, साखर, तंबाखू यांच्यावर. आपल्याकडे मात्र एकच बदल आणि तोच भारी पडलाय."

"ते जनुक-बिनुक मला कळत नाही," भावजय म्हणाली.

सुईने फळीवरून न बांधलेला एक फर्मा काढला, छापून घडी घातलेली सोळा पानं. "हे बघ आई. छापखान्यातच एक अक्षर चुकीचं जुळवलं, आणि मग त्यावरून शंभर प्रती निघाल्या. आपल्याकडे आल्या. आपण कापलं, शिवलं, दाबलं, झकास बांधणी केली. चूक जाईल का?"

"कशी जाईल? ती छपाईची चूक."

"मग तेच! आपण इतकी वर्षं बांधणीला दोष देतोय. चूक छपाईतली आहे."

भावाच्या घशातून एक आवाज आला. तो हसत होता.

घाई हसला नाही. "सगळं मान्य," तो म्हणाला, आणि त्याचा पाय हलायचा थांबला. "बाबांच्या रक्तात असेल काही. पण सरसाशिवाय ते उठलं नसतं, असंही असेल ना? पुरावा आहे माझ्याकडे. हा बसलाय समोर." त्याने आत्याकडे बोट केलं. "आत्या लहानपणी सरस ढवळायची. नवव्या वर्षी तिला चढला. तात्यांनी दुसऱ्या आठवड्यात तिला मावशीकडे पाठवलं. पुन्हा चढला का? नाही. तात्या मरेपर्यंत सांगत होते, एक तरी वाचवली. तुझ्या कागदावर बघ, तिचा गोल पांढरा आहे की नाही?"

होता. कागदावर आत्याचा गोल पांढराशुभ्र होता. त्याच्या खाली एक छोटा गोल, तिच्या मुलीचा, तोही पांढरा.

"तिच्या मुलीचंही तसंच," सुई जरा नरमून म्हणाली. "डॉक्टरीणबाई सांगत होत्या, हे आईकडून, वडलांकडून, कुणाकडूनही येतं. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, छापा की काटा. पण आईबापात नसेल तर पुढे जात नाही. आत्या सुटलीय, म्हणून तीही सुटलीय. आत्या, हो ना? तुला नंतर कधी नाही ना चढला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. भाऊसुद्धा.

आत्याने पिशवीतली वही बाहेरूनच चाचपली. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लोकांचं बोलणं जोडून देण्याची नोकरी. आणि आज स्वतःचं एक वाक्य तिला जोडता येईना. मुलीने या वर्षात तीनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. "आई, कडेला काहीतरी चमकतं गं," असं ती गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली होती. वर पोरगी सिगरेट ओढते, ते निराळंच.

"मला काय विचारता," आत्या हसत म्हणाली. "मी पाहुणी माणूस. चहा टाकते मी."

आणि ती पिशवी घेऊन उठली, मागच्या मोरीशेजारच्या कट्ट्यापाशी गेली. शेवटी चहाच्या निमित्ताने उठलंच कुणीतरी.

पाणी उकळायला ठेवलं, आणि तिला तो दिवस आठवला. तेहतिसाव्या वर्षी ती एक्स्चेंजमध्ये बसली होती. समोरच्या फळ्यावरचे दिवे एकदम करवतीसारखे दातेरी झाले. तिला वाटलं फळा बिघडला. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, ठीक तर आहे. मग डोकं ठणकायला लागलं, आणि आत्याने ओळखलं. इथे ना तपेलं, ना दुकान, ना तो वास. तरीही तो चढला होता. रविवारी ती माहेरी गेली, तात्यांना सांगायचंच असं ठरवून. तात्या गिऱ्हाइकाला म्हणत होते, "ही माझी मोठी. हिला मी वाचवली." ते इतके खुशीत होते की तिचं धाडस झालं नाही. काय सांगायचं? की पोटची पोर लांब ठेवलीत ते फुकट गेलं? पुढे तात्या आठ वर्षं जगले. ते गेल्यावर सांगता आलं असतं, पण तोवर गप्प बसायची सवय लागली होती. आणि खरं सांगायचं तर थोडा राग पण होता. मुलगा घरात ठेवला, मुलगी घालवली. वाचवली म्हणे!

चहापत्ती टाकताना पिशवी कट्ट्यावरून घसरली. वही बाहेर पडली, रबरबँड तुटलं, पुठ्ठा एकीकडे आणि पानं एकीकडे झाली.

भावजय मागून आलीच होती. तिने वही उचलली. दुसरं कुणी असतं तर आधी आत काय लिहिलंय ते बघितलं असतं. ही बाइंडर, हिने पाठ बघितली. बोट फिरवलं, नाकाशी धरली, उजेडात नेली.

"ताई, ही तात्यांची."

"हो. मावशीकडे पाठवायचे. दर महिन्याला एक. ही तेवढी कोरी राहिली होती." आत्याच्या आवाजात जुनी अढी आली. "उरल्यासुरल्या कागदांच्या. शाळेत मुली चिडवायच्या मला. बाप बाइंडर आणि पोरीच्या वहीचा पुठ्ठा लटपटतोय. गिऱ्हाइकांना चामड्याची बांधणी, आणि मला हे."

भावजय तिच्याकडे बघतच राहिली. "उरलेसुरले? अहो ताई, याला सरस नाहीये."

"म्हणजे?"

"पाठीला सरसाचं बोटसुद्धा लावलेलं नाही. नुसती शिवण आहे, तीही दुहेरी. असल्या एका वहीला चार वह्यांचा वेळ लागतो." ती पानं जुळवत होती, हात आपोआप चालत होते. "मी नवीन आले तेव्हा मला शिकवली होती त्यांनी ही शिवण. मी म्हटलं, तात्या, असलं काम कोण मागतं? तर म्हणाले, कुणी नाही, एकीसाठी करायचो. कागद दुकानात आणायचेसुद्धा नाहीत म्हणे. घरी खिडकीत बसून, हात तीनदा धुऊन शिवायचे. सरसाचा वासही तुमच्यापर्यंत जायला नको म्हणून. मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणी गॅसकडे बघितलं नाही.

"मला कुणी सांगितलं नाही," आत्या म्हणाली. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. बावन्न वर्षं ती म्हाताऱ्याला मनातल्या मनात बोल लावत आली होती, आणि तो खिडकीत बसून हात धूत होता.

भावजयीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिची नजर वहीच्या पानावर गेली. तारखा होत्या. एकेका तारखेपुढे एक काळा ठिपका, काहींपुढे दोन. पानामागून पान. वरची पहिली तारीख अठ्ठावीस वर्षांपूर्वीची.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "हे काय आहे?"

आत्याने तोंड धुतलं. मग वही घेतली आणि पुढे दुकानात गेली. बसली नाही.

"सुई, पेन्सिल दे."

तिने पेन्सिल घेतली, कागदावर आपला पांढरा गोल शोधला आणि तो भरायला लागली. पेन्सिलीचं टोक बोथट होतं, वेळ लागला.

"अठ्ठावीस वर्षं," ती म्हणाली. "महिन्यातून एकदा, कधी दोनदा. सगळ्या तारखा आहेत यात. डॉक्टरीणबाईंना दे. दुकानापासून बारा मैलांवर, चौथ्या मजल्यावर, खिडक्या उघड्या होत्या तिथे चढायचा मला. तुझी आई चौतीस वर्षं तपेल्यावर वाकून बसलीय. हिला चढला कधी?"

"एकदाही नाही," मागून भावजय म्हणाली.

"झालं तर मग. चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसलोय आपण."

घाईने खुर्ची मागे सारली, पण उठला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. अठराव्या वर्षी तो दुकानातून बाहेर पडला होता, "मला नाही मरायचं त्या वासात" असं म्हणून. तेव्हा भाऊ महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हता. आत्याला आत्ता कळलं, हा दुकान का विकायला निघालाय. बहिणीची काळजी होतीच, खोटं कशाला बोला. पण सरस गुन्हेगार असेल तर हा सुटलेला होता. सरस निर्दोष, तर मग कुणीच सुटलं नव्हतं.

"म्हणजे बाहेर पडून काही..." घाई म्हणाला आणि थांबला.

"मी पण बाहेरच होते रे," आत्या म्हणाली. ती त्याच्याजवळ गेली आणि तो लहान असताना धरायची तसा त्याचा कान धरला. "पण ऐक. माझ्यात ते आहे, असं आपण धरून चालू. एकसष्टी आली माझी. आजवर झटका नाही. मी विडी-सिगरेट ओढली नाही, रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकवली नाही. तुझ्या बापाने दिवसाला दोन पाकिटं ओढली. माझं नशीब असेल, गोळीही असेल. तुझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. निम्मं-निम्मं."

"बाईंनी हेच सांगितलंय," सुई म्हणाली. आता तिच्या बोलण्यात टोचरेपणा नव्हता. "एकाच घरात, एकच बदल, एकाला पंचेचाळिशीत येतो, एकाला सत्तरीपर्यंत नाही. यावर औषध नाही अजून, पण जे हातात आहे ते सोडायचं नाही. आणि तपासून घ्यायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. जबरदस्ती नाही."

"तू घेणार?" घाईने विचारलं.

"घेणार. मला दुकान चालवायचंय, किती वर्षांच्या हिशेबाने चालवायचं ते कळू दे की. तू?"

घाई म्हणाला, "आज नाही सांगत." त्याने घड्याळ बघितलं नाही. थोड्या वेळाने फोन काढला, उठून दाराशी गेला, आणि त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "हो, मीच बोलतोय. नाही, नाही देत आम्ही. काही नाही, घरचं कारण आहे."

सुईने कागदाकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आत्याच्या खालचा छोटा गोल अजून पांढरा होता. आत्यानेही तिकडेच बघितलं.

"तो मी भरणार नाही," ती म्हणाली. "ती भरेल किंवा नाही भरणार. संध्याकाळी फोन करते तिला. आधी सिगरेटवरून कानउघाडणी करते, मग हे सांगते. आपल्या आईने अठ्ठावीस वर्षं लपवलं म्हटल्यावर ती मला काय काय बोलेल, ते आत्तापासून ऐकू येतंय मला."

भाऊ इतका वेळ मान वाकडी करून सगळं बघत होता. त्याने डावा हात लांब करून मेजावरची वही जवळ ओढली, सुटलेल्या पुठ्ठ्यावर अंगठा फिरवला आणि शिवी दिली. बापाच्या कामाची ही दशा बघून बाइंडर दुसरं काय म्हणणार?

"खरंय," आत्या म्हणाली. मग भावजयीकडे वळली. "वर्षानुवर्षं रबरबँड लावून वापरतेय. हिला सरस लावून देतेस?"

भावजयीने तपेल्याकडे बघितलं. "लावू, ताई?"

"लाव गं. त्याचा काय दोष?"

भावजयीने शेगडी पेटवली. तपेलं गरम व्हायला लागलं आणि तो ओळखीचा, उग्र, आतडी वर आणणारा वास दुकानभर पसरला. कुणी नाकाला रुमाल लावला नाही. भाऊ आपल्या डाव्या तळव्याने वहीची पानं मेजावर घट्ट दाबून बसला. आत्याने भिंतीवरची लाकडी दांडी काढली आणि तपेल्याशी उभी राहिली, पण सरस अजून घट्ट होता आणि तिला कुठून सुरुवात करावी ते आठवेना. बावन्न वर्षांपूर्वी ते काम तिच्या हातातून काढून घेतलं होतं.

भाऊ तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, एकदा, दोनदा. सगळ्यांना वाटलं, आता "पाहुणी" म्हणणार.

"ढवळ," तो म्हणाला. "ताई. तळाला लागेल."